लाल रेघ

खोरिक्सासहून आमच्या शाळेपर्यंतचा रस्ता
पन्हळी पत्रा अंथरावा तसा.
एकोणचाळीस किलोमीटर. रोज. तेवढेच परत.
त्यावर काहीच घट्ट राहत नाही,
ना दाढा, ना दाराच्या बिजागऱ्या,
ना मागच्या सीटवर तिघी पोरींनी
एकमेकींना दिलेला शब्द.

गाडी जुनी, पांढरी. तिच्यात मक्याचं पीठ येतं,
गॅसची टाकी येते, रविवारी चर्चच्या चार बायका,
एकदा शेजाऱ्याची आजारी शेळीसुद्धा.
त्यातच हेही मावायला हवं:
फावडं, उंच जॅक, वाळूत घालायच्या दोन फळ्या,
ओढायचा पट्टा, आणि शॅकल.

शॅकल मुठीएवढा, दीड किलोचा.
एफ्राइम तो मागच्या सीटवर नुसता टाकायचा.
कुडू आडवा आला, त्यानं ब्रेक दाबला.
गाडी थांबली. शॅकल थांबला नाही.
माझ्या भावाला अजून डाव्या कानानं ऐकू येत नाही,
आणि डॅशबोर्डला खळगा आहे,
त्यात मी खडू ठेवते.

म्हणून सुट्टीत ड्रिल मागून आणलं.
छिद्र पाडलं की पत्र्याची कडा उघडी पडते,
गंज तिथूनच शिरतो.
घरात रंग नव्हता.
मॅग्रीतची नखं रंगवायची लाल बाटली होती.
जुन्या ट्यूबचे वॉशर कापले,
नट आवळले, मनगट बोलेपर्यंत.
मग प्रत्येक नटावरून बोल्टवर
एक लाल रेघ ओढली,
वहीच्या समासासारखी.
सकाळी गाडीला एक फेरी:
रेघ जुळली, नट जागेवर.
रेघ मोडली, तर रस्त्यानं हात घातलाय.

फावडं टपावर नको,
वर जड झालं की गाडी वळणावर विचारात पडते.
जॅकच्या दातांना एफ्राइमचा जुना मोजा, धुळीसाठी.
फळ्या कुशीला, उभ्या.
पट्टा आणि शॅकल लोखंडी पेटीत, पेटी तळाला बोल्टनं.
आणि चोरांसाठी कुलपं.
तीन. पितळी.

मार्चमध्ये हुआब नदी आली,
चार तास राहिली, गेली.
वर कोरडी वाळू, खाली लापशी.
मागची चाकं आसापर्यंत रुतली
आणि मी उतरले, चक्क ऐटीत.
रेघा सगळ्या सरळ. कुलपं सगळी बंद.
किल्ली स्वयंपाकघरात,
कॅलेंडरमागच्या खिळ्यावर.
हरवू नये म्हणून मीच लावलेली.

पोरी काही बोलल्या नाहीत.
तेच जास्त लागलं.

डब्याच्या झाकणांनी वाळू उपसत होतो,
तेव्हा ओम टिमोटेउसची गाढवगाडी आली.
चार गाढवं. गाडीला एक बोल्ट नाही,
सगळं कुंपणाच्या तारेनं, चामड्याच्या वादीनं,
एका जागी तर लुगड्यासारख्या चिंधीनं बांधलेलं.
तो माझ्या गाडीभोवती फिरला,
नखानं एक कुलूप वाजवून पाहिलं.
“मजबूत बसवलंयस,” म्हणाला,
आणि हसू दाबायला
गाढवाच्या कानामागे खाजवत राहिला.

त्याचा दोर पुढच्या हुकाला.
हुक चॅसिसला होता, दोन जाड बोल्टवर,
तो मात्र हलला नाही.
गाढवं ओढत होती, मी पहिल्या गियरमध्ये,
पोरी मागून ढकलत, चिखलानं माखत.
तीनदा काही झालं नाही.
चौथ्यांदा निघालो.
त्यानं पैसे घेतले नाहीत, पीठ घेतलं.

त्याच संध्याकाळी कुलपं काढली.
जागोजागी पंखांचे नट, हातानं फिरणारे.
मग युस्टिनाच्या, सगळ्यात धाकटीच्या,
डोळ्यांवर स्कार्फ बांधला
आणि घड्याळ धरलं.
फावडं: अकरा सेकंद.
फळ्या: एक खाली पडली, माझ्याच पायावर.
“पुन्हा,” मी म्हटलं.
स्कार्फाआडून ती म्हणाली,
“आई, चोरालाही एवढाच वेळ लागेल.”

लागेल.

बाटलीत थोडा रंग उरलाय.
पंखांच्या नटावर रेघ नीट बसत नाही,
जरा वाकडीच येते.